रुपयाएवढा दवबिंदू

सप्टेंबरातली सकाळ. रात्री पाऊस पडून गेलेला, ऊन नुकतंच वर येऊ लागलेलं. बेंगळुरूच्या वायव्येला, पंचवीसेक किलोमीटरवर हेसरघट्ट्याचा माळ पसरला आहे. उभ्याने पाहिलं तर दिसतं ते गवत, गवतावरून फिरणारा वारा आणि आभाळात एखादी घार. दवबिंदू पाहायचा असेल तर मात्र गुडघे टेकावे लागतात. गवत जिथे विरळ होतं आणि पाणी मातीतून हळूहळू झिरपत राहतं, तिथे जमिनीला चिकटून लालसर चकत्या पडलेल्या असतात. एकेक चकती रुपयाच्या नाण्याएवढी. चिमुकल्या चमच्यांसारखी पानं गोलाकार मांडलेली, पानांवर तांबड्या केसांची दाटी आणि प्रत्येक केसाच्या टोकाला एक थेंब. नऊ वाजतात, दहा वाजतात, गवतावरचं दव उडून जातं. हे थेंब तसेच राहतात.

ते दव नव्हेच. तो चिकटा आहे. एखादं चिलट त्या चकाकीला भुलून पानावर उतरतं आणि त्याचा पाय अडकतो. तो सोडवायला दुसरा पाय टेकवावा, तर तोही अडकतो. धडपड वाढते तसा चिकटा अंगभर पसरतो. तेवढ्यात पानाच्या कडेचे लांब केस आत वळू लागतात. या जातीत त्यांना काही सेकंदच पुरतात. चिलटाची श्वासाची छिद्रं बुजतात, धडपड थांबते. मग पान पाचक रस सोडतं आणि काही दिवसांनी पुन्हा उघडतं, तेव्हा त्यावर कोरडं कवच आणि पंख एवढंच उरलेलं असतं.

फुलं या सापळ्यापासून अंतर राखून असतात. पानांच्या मधोमध एक बारीक दांडा उभा राहतो, फार तर वीतभर उंच, आणि त्याच्या टोकाकडे पाच पाकळ्यांची पांढरी फुलं सकाळी थोडा वेळ उमलतात. परागकण नेणारे कीटक खालच्या चिकट्यात सापडू नयेत, अशी ही सोय मानली जाते.

डार्विनचा ध्यास

दवबिंदू हे नाव मराठी माणसाला कासच्या पठारामुळे ओळखीचं झालं. सीतेची आसवं, गेंद आणि दवबिंदू ही पावसाळी कातळावरची शेजारी मंडळी. शास्त्रीय भाषेत या कुळीला ड्रॉसेरा म्हणतात आणि त्या ग्रीक शब्दाच्या मुळाशीही दवच आहे. जगात तिच्या दोनशेच्या आसपास जाती आहेत, भारतात तीन. त्यांतल्या दोन बेंगळुरूच्या परिसरात आढळतात. एक ही जमिनीला बिलगलेली, ड्रॉसेरा बर्मानी. दुसरी ड्रॉसेरा इंडिका. तिची पानं दोऱ्यासारखी बारीक, ती सरळ उभी वाढते आणि फुलं गुलाबी येतात. आपल्याकडे तिला गवती दवबिंदू म्हणतात.

चार्ल्स डार्विनला या कुळीने झपाटून टाकलं होतं. १८६० च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या ससेक्सच्या माळावर त्याने दवबिंदूच्या पानांवर किती कीटक अडकले आहेत ते पाहिलं आणि पुढची पंधरा वर्षं तो विषय त्याच्या हातून सुटला नाही. त्याने पानांवर कच्च्या मांसाचे कण ठेवले, अंड्याचा पांढरा बलक ठेवला, काचेचे तुकडे ठेवले, वरून पाण्याचे थेंब सोडले. पावसाच्या थेंबांना पान दाद देत नव्हतं, मांस आणि बलक मात्र पचवत होतं. मिलिग्रॅमच्या हजाराव्या हिश्श्याहूनही हलका केसाचा तुकडा टेकवला तरी पानाचा केस वाकतो, हे त्याने मोजून दाखवलं. १८७५ साली त्याचं कीटकभक्षी वनस्पतींवरचं पुस्तक आलं. तीन वर्षांनी त्याचा मुलगा फ्रान्सिस याने उरलेला प्रश्न सोडवला. मांस मिळालेल्या रोपांना न मिळालेल्या रोपांपेक्षा जास्त बिया धरतात, हे त्याने सिद्ध केलं.

यातली एक गोष्ट हेसरघट्ट्याच्या संदर्भात नीट लक्षात घ्यायला हवी. दवबिंदू हिरवा आहे, इतर झाडांसारखाच उन्हावर स्वतःचं अन्न तयार करतो. कीटक त्याला लागतो तो नत्र आणि स्फुरदासाठी, कारण तो जिथे उगवतो त्या मातीत ही दोन्ही जवळजवळ नसतात. चांगल्या, कसदार जमिनीत त्याचा निभाव लागत नाही. तिथे गवत माजतं, सावली पडते आणि रुपयाएवढं झाड उन्हावाचून संपतं. माती निकस हवी, पावसाळ्याचे काही महिने ओल हवी आणि डोक्यावर मोकळं आकाश हवं. या तीन अटींतली एक जरी मोडली तरी दवबिंदू जातो.

तीन अब्ज वर्षांची निकस माती

बेंगळुरूला आलेला पाहुणा लालबाग पाहायला जातो. स्वातंत्र्यदिनाच्या आणि प्रजासत्ताकदिनाच्या सुमाराला तिथे पुष्पप्रदर्शन भरतं, काचघरात लाखो फुलांची आरास होते. त्याच बागेत केंपेगौडांचा मनोरा ज्या उघड्या खडकावर उभा आहे, तो सुमारे तीन अब्ज वर्षांचा आहे. राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून त्याची नोंद आहे. दख्खनच्या दक्षिण भागाखाली दूरवर हाच नाईस खडक पसरला आहे. त्याची झीज होऊन जी तांबडी, पातळ माती तयार झाली, तिच्यातली सत्त्वं लाखो पावसाळ्यांनी धुऊन नेली. ऑगस्टमध्ये लालबागेतल्या रांगा वळणं घेत असतात, त्याच दिवसांत शहराबाहेरच्या या धुतलेल्या मातीत दवबिंदूची रोपं रुजत असतात. त्यांना खत नको, माळी नको.

हेसरघट्ट्याचा माळ इतकी वर्षं टिकला याचं बरंचसं श्रेय गुरांना जातं. जुन्या म्हैसूर राज्यात गुरांसाठी राखलेल्या कुरणांना 'कावल' म्हणत. कावल म्हणजे राखण, पहारा. अमृतमहल जातीच्या बैलांसाठी अशी कावलं राज्यभर होती, आणि तोफा ओढणाऱ्या त्या बैलांमुळे गवताच्या जमिनीला लष्करी किंमत होती. कन्नडमध्ये गवताळ माळाला आजही 'हुल्लुगावलु' म्हणतात. हुल्लु म्हणजे गवत, आणि पुढच्या शब्दात तोच पहारा ऐकू येतो. हेसरघट्ट्याची जमीन पुढे पशुसंवर्धन खात्याच्या ताब्यात राहिली. डेन्मार्कच्या मदतीने पशुपैदासीचा प्रकल्प इथेच सुरू झाला. खात्याला चारा हवा होता, म्हणून नांगर चालला नाही आणि भूखंडही पडले नाहीत.

दुसरं कारण पाणी. नंदी टेकड्यांवर उगम पावणारी अर्कावती नदी इथून वाहते. १८९४ साली म्हैसूरचे दिवाण के. शेषाद्री अय्यर यांच्या काळात तिच्यावर हेसरघट्ट्याचा तलाव उभा राहिला आणि बेंगळुरूला दुरून आणलेलं पाणी मिळू लागलं. माळ म्हणजे त्या तलावाचं पाणलोट क्षेत्र. गवताच्या मुळांतून मुरलेलं पाणी सावकाश उताराला लागतं, आणि जिथे ते जमिनीच्या पृष्ठाशी येऊन झिरपतं तीच दवबिंदूची जागा. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला ही नदी वेगळ्या नावाने माहीत आहे. अर्का अनामिका भेंडी, अर्का रक्षक टोमॅटो या वाणांतलं 'अर्का' या अर्कावतीवरून आलं. ते वाण काढणारी भारतीय बागवानी संशोधन संस्था हेसरघट्ट्यालाच आहे.

नदी आटली त्याची कारणं

विसाव्या शतकाच्या शेवटी हा तलाव आटत गेला. वर्षानुवर्षं त्याचा तळ कोरडा पडू लागला, आणि खालच्या तिप्पगोंडनहळ्ळी जलाशयाकडे जाणारं पाणीही घटलं. पाऊस कमी झाला, असं सगळे धरून चालले होते. बेंगळुरूच्या 'अट्री' या संस्थेच्या वीणा श्रीनिवासन, शरच्चंद्र लेले आणि सहकाऱ्यांनी एकेक कारण तपासून पाहिलं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात पावसाकडे आणि तापमानाकडे बोट जात नव्हतं. बोट जात होतं ते बोअरवेलमधून उपसलेल्या भूजलाकडे, निलगिरीच्या लागवडीकडे आणि ओढ्यानाल्यांवर घातलेल्या अडथळ्यांकडे. निलगिरीची नवी लागवड कर्नाटक सरकारने २०१७ मध्ये बंद केली. तोवर अर्कावतीच्या खोऱ्यात तिचे पट्टेच्या पट्टे उभे राहिले होते. २०२२ च्या भरघोस पावसात तलाव पुष्कळ वर्षांनी पुन्हा भरला आणि लोक ते पाहायला गर्दी करून आले.

नदीला जे झोडपतं तेच दवबिंदूलाही. भूजल खाली गेलं की झिरपा बंद होतो. झाडं लावली की सावली पडते. त्यात शहराची सुट्टी भर घालते. शनिवार-रविवारी मोटारसायकली आणि उंच चाकांच्या गाड्या माळ उभा-आडवा कापतात, सिनेमांची आणि लग्नाआधीच्या फोटोंची चित्रीकरणं चालतात. ओल्या मातीत एका चाकाचा चर पडला की पाणी त्या चरातून वाहून जातं आणि शेजारचा हातभर झिरपा कोरडा पडतो. गाडीवाल्याच्या ते गावीही नसतं.

दवबिंदू जगातून नाहीसा होणार आहे, असं मात्र कोणी म्हणत नाही. ड्रॉसेरा बर्मानी भारतापासून ऑस्ट्रेलियापर्यंत आढळतो. दुर्मीळ होत चालली आहे ती त्याची जागा. बेंगळुरू वाढत गेलं तशा शहराभोवतीच्या मोकळ्या, ओलसर, निकस जमिनी वसाहतींखाली गेल्या. १९७३ साली रामस्वामी आणि रझी यांनी बेंगळुरू जिल्ह्याच्या वनस्पतींची सूची प्रसिद्ध केली, त्या काळचा जिल्हा आणि आजचा जिल्हा यांत ओळख पटणार नाही इतकं अंतर पडलं आहे. कुठल्यातरी दूरच्या देशात एखादी वनस्पती सुखरूप आहे, याचा इथल्या मुलाला उपयोग नाही. त्याला ती त्याच्या शहराच्या बसने जाऊन पाहता यायला हवी.

अकरा वर्षांची लढाई

माळ वाचवायला हवा, हे बोलणं सुरू केलं ते माळावर रोज जाणाऱ्यांनी. छायाचित्रकार महेश भट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पक्षी, फुलपाखरं, गवतं, कीटक यांच्या नोंदी जमवल्या. तणमोरासारखा गवताळ प्रदेशाचा अतिदुर्मीळ पक्षी इथे दिसल्याची नोंद आहे, आणि हिवाळ्यात भोवत्या ससाण्यांचे थवे रात्री गवतात उतरतात. साधारण २०१३ पासून ५,०१० एकर माळाला 'संवर्धन राखीव क्षेत्र' म्हणून जाहीर करावं, अशी मागणी पुढे आली. मधल्या काळात याच जमिनीवर चित्रनगरी उभारण्याचा बेतही निघाला होता.

जानेवारी २०२१ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने हा प्रस्ताव फेटाळला. स्थानिक आमदारांचा विरोध होता, गावकऱ्यांच्या मनातही धास्ती होती. चराईवर बंदी येईल, शेतावर जायची वाट अडेल, घराला खोली वाढवायची तरी वनखात्याचा शिक्का लागेल. ही भीती पोकळ म्हणून उडवून लावण्यासारखी नव्हती, कारण अभयारण्यांच्या बाबतीत देशभर लोकांनी हे भोगलं आहे. पण संवर्धन राखीव क्षेत्र ही वेगळी तरतूद आहे. वन्यजीव कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने ती आली. ती सरकारी मालकीच्या जमिनीवरच लागू होते, तिथे राहणाऱ्यांचे हक्क शाबूत राहतात आणि व्यवस्थापनाच्या समितीत ग्रामपंचायतींचे प्रतिनिधी बसतात.

प्रकरण कर्नाटक उच्च न्यायालयात गेलं आणि प्रस्ताव पुन्हा मंडळापुढे आला. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांच्या अध्यक्षतेखालच्या बैठकीत ५,६७८ एकरांच्या बृहत् हेसरघट्टा गवताळ संवर्धन राखीव क्षेत्राला मंजुरी मिळाली. त्या वेळी वनखातं सांभाळत होते ईश्वर खंड्रे, सीमाभागातल्या भालकीचे आमदार. मागणी सुरू झाली होती त्यापेक्षा सहाशेहून जास्त एकर वाढवूनच निर्णय झाला.

'पडीक' या शब्दाचा इतिहास

एवढा वेळ का लागला, याचं उत्तर सरकारी कागदातल्या एका शब्दात आहे. गवताळ माळ कागदावर 'पडीक' असतो. झाडं नाहीत म्हणजे जंगल उजाड झालं असणार, ही समजूत ब्रिटिश अमदानीतल्या महसुली डोळ्याने रुजवली आणि स्वातंत्र्यानंतरही ती सुटली नाही. पडीक म्हटलं की जमीन वाटून टाकायला कोणाची हरकत नसते. चित्रदुर्ग जिल्ह्यात चळ्ळकेरेजवळची हजारो एकर अमृतमहल कावलं अशीच संरक्षण आणि अणुसंशोधनाच्या संस्थांना दिली गेली, आणि तिथल्या मेंढपाळांना हरित न्यायाधिकरणापर्यंत जावं लागलं. एम. डी. मधुसूदन आणि अबी तमीम वनक यांनी उपग्रहांच्या छायाचित्रांवरून देशातल्या अशा खुल्या नैसर्गिक प्रदेशांचा नकाशा तयार केला. देशाच्या सुमारे १० टक्के भूभागावर ते पसरले आहेत, आणि त्यांतले ५ टक्केही संरक्षित क्षेत्रांत येत नाहीत.

माळ म्हणजे मोडलेलं जंगल नव्हे, याची साक्ष मराठीनेही दिली आहे. आशिष नेर्लेकर आणि पुण्याच्या 'आयसर'मधले दिग्विजय पाटील यांनी तेराव्या शतकापासूनच्या मराठी ग्रंथांतले, ओव्यांतले आणि लोककथांतले झाडाझुडपांचे उल्लेख तपासले. २०२५ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांना ४४ रानवनस्पतींची नावं सापडली, आणि त्यांतल्या २७ गवताळ, काटेरी, उन्हाळ माळाच्या होत्या. सातशे वर्षांपूर्वी गुराखी आणि वारकरी ज्या वाटेने चालत होते, ती वाटही माळावरूनच जात होती. इंग्रज येण्याच्या कितीतरी आधीची ही नोंद. आपल्या भाषेत या जमिनीला 'माळरान' असा भरलेला शब्द आहे. त्यात 'रान' आहे.

कास आणि अंजनेरीचे धडे

राखीव क्षेत्र जाहीर झालं म्हणजे फूल वाचलं असं होत नाही, हे महाराष्ट्राने जवळून पाहिलं आहे. २०१२ साली कासचं पठार जागतिक वारशाच्या यादीत आलं आणि फुलं पाहायला लोंढे येऊ लागले. पठाराला कुंपण घातलं गेलं, गुरं बाहेर राहिली. काही वर्षांत फुलांच्या जागी उंच गवत वाढत असल्याची तक्रार गावकरी आणि अभ्यासक दोघंही करू लागले, आणि शेवटी कुंपण काढावं लागलं. सड्यांचा अभ्यास करणाऱ्या डॉ. अपर्णा वाटवे यांच्यासारख्या संशोधकांनी, मोजकी चराई या जमिनींच्या जगण्याचाच भाग आहे, हे वारंवार सांगितलं आहे. गुरू चरून जातं तेव्हा गवत ठेंगणं राहतं, आणि ठेंगण्या गवतातच दवबिंदूला ऊन मिळतं.

नाशिकजवळच्या अंजनेरीची गोष्ट वेगळी. तिथल्या कड्यावर वाढणारं एक कंदीलपुष्प, सेरोपेजिया अंजनेरिका, २००६ साली विज्ञानाला नव्याने कळलं. त्याच्या वर्णनकर्त्यांत कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे डॉ. श्रीरंग यादव होते. ही जात जगात फक्त त्या डोंगररांगेच्या आसपास आहे. २०१७ मध्ये अंजनेरी संवर्धन राखीव क्षेत्र झालं. त्यानंतरही डोंगरावर रस्ता नेण्याचे आणि रोपवे बांधण्याचे प्रस्ताव आले, आणि नाशिककरांना पुन्हा रस्त्यावर उतरावं लागलं. ज्या दर्जाची मागणी हेसरघट्टा करत होता तोच दर्जा अंजनेरीला मिळाला होता, तरीही पहारा सुटला नाही.

हेसरघट्ट्याची परीक्षा आता सुरू होते आहे. राखीव क्षेत्राला निधी मिळतो, आणि निधी खर्च करायचा म्हटलं की सुचतात ती ठरलेली कामं: वृक्षारोपण, चर खोदणं, पाणवठे, निरीक्षण मनोरे, फरसबंद वाटा. यातलं प्रत्येक काम जंगलात शोभेल. या माळावर रोपांसाठी काढलेला एक खड्डा, एक ट्रकभर शेणखत किंवा झिऱ्याच्या वरच्या अंगाला खणलेला एक चर दवबिंदूची वस्ती पुसून टाकायला पुरेसा आहे. इथे करण्याजोगी कामं कमी खर्चाची आणि चिकाटीची आहेत. गाड्यांना वेशीवरच थांबवायचं, झिरप्याच्या जागांची नोंद ठेवायची, चरणाऱ्या गुरांची संख्या गावांशी बोलून ठरवायची, बाहेरून घुसलेली झुडपं उपटायची आणि बाकीचं गवतावर सोपवायचं. माळाला जे करायचं ते तो स्वतः करतो. त्याला वेळ आणि मोकळीक देणारी माणसं हवीत, आणि ती अकरा वर्षं भांडून मंजुरी मिळवणाऱ्यांत आहेत, मेंढ्या घेऊन रोज माळ तुडवणाऱ्यांतही आहेत.

दिवाळीच्या सुमाराला बेंगळुरूत परतीचा पाऊस रेंगाळलेला असतो. पुण्या-मुंबईच्या गाड्या भरभरून सुटतात, शहर थोडं रिकामं होतं. माळावर गवत सोनेरी पडू लागलेलं असतं आणि दवबिंदूच्या चकत्या गडद तांबड्या झालेल्या असतात. दांड्यांवरची फुलं गळून बोंडं सुकतात आणि त्यांतून धुळीसारखं बारीक, काळं बी जागच्या जागी सांडतं. डिसेंबर सरेपर्यंत झिरपा आटतो, चकत्या वाळून मातीत मिसळतात. मार्च-एप्रिलमध्ये कोणी तिथे गुडघे टेकून पाहिलं तर तडकलेली तांबडी माती आणि गवताचे खुंट दिसतील. बी त्या मातीत, पुढच्या जूनपर्यंत, तिथेच पडून असतं.